गाडीच्या पोटातले करडईचे तेल

खोट्या आरोपाने मनुष्य व्यथित होतो खरा. परंतु त्याच्या अंतःकरणात एक आश्रयस्थान शिल्लक असते, आपण निर्दोष आहोत ही जाणीव. ज्याच्यावरील आरोप अर्धा खोटा आणि अर्धा, निदान त्याच्या स्वतःच्या दृष्टीने, खरा असतो, त्याला मात्र तो आश्रयही उरत नाही. तो प्रत्युत्तर देऊ शकत नाही आणि मौनातही विसावू शकत नाही. गारखेड्याच्या आवडाबाईची त्या दसऱ्यानंतरच्या सकाळी नेमकी हीच अवस्था झाली होती.

गोठ्यातील कडब्याच्या पेंढ्या बाजूला सारून उद्धवने आपल्या दिवंगत वडिलांची राजदूत मोटारसायकल अंगणात ओढून काढली होती. टाकीवर गंजाचे पापुद्रे, चाकांच्या तारांत कोळ्यांची जाळी, उंदरांनी कुरतडलेली गादी... त्या तरुण मुलाने किकवर पाय ठेवून सगळा भार टाकला. किक तसूभरही हलली नाही. त्याने पुन्हा भार टाकला, पुन्हा तेच!

"जाम झालंय इंजन!" तो गरकन वळला. त्याचे डोळे लाल झाले होते. "हेच पाहिजे होतं ना तुम्हाला? माझ्या मायनं पाटल्या मोडून दिल्या होत्या या गाडीसाठी. तिची आठवण तुम्ही गोठ्यात सडवली. झालं समाधान?"

आवडाबाई उंबऱ्यात उभी होती. उद्धवची जन्मदात्री लक्ष्मीबाई तो रांगत असतानाच वारली होती, आणि त्यानंतर आवडाबाई या घरात आली. सवतीची प्रतिमा कोरलेला चांदीचा टाक तिने लग्नाच्या दिवशी गळ्यात घातला, तो नवरा गेल्यावरही काळ्या दोऱ्यात तसाच राहिला. परंतु उद्धवने तिला कधी माय म्हटले नाही. त्याच्या आत्याने, दगडाबाईने, त्याला लहानपणापासून एकच गोष्ट ऐकवली होती, 'तुझ्या मायची वस्तू तिच्या डोळ्यांत सलते, म्हणून लपवून ठेवलीय.'

"आता नीट ऐका," उद्धव म्हणाला. "वाळूजला नोकरी लागलीय माझी. ही गाडी मी माझ्या हातानं उभी करणार. आन् ज्या दिवशी ती चालू होईल, त्या दिवशी ट्रंक बांधून बजाजनगरला जाणार, आत्याकडं. या घरात पुन्हा पाय ठेवायचा नाय!"

आवडाबाईच्या ओठांपर्यंत किती शब्द आले! परंतु ती एवढेच म्हणाली, "न्याहारी करून जा. भाकर गरम हाय."

तो न्याहारी न करताच गेला.

कारभारीने, तिच्या नवऱ्याने, अखेरच्या आजारात तिला दोन गोष्टी सांगितल्या होत्या. गावोगावच्या विहिरींवरचे पंप दुरुस्त करीत त्याने त्या गाडीवर आयुष्य काढले होते. दौलताबादच्या घाटात एकदा तो भयंकर पडलाही होता. तो म्हणाला होता, "पोरगं कर्तं होईस्तोवर गाडीला हात लावू देऊ नको. तापट हाय, मरंल कुठंतरी. आन् गाडीला मरू देऊ नको. दर अवसेला प्लग खोलायचा, चमचाभर तेल सोडायचं, हातानं किक दाबायची." तेल म्हणजे कोणते, हे सांगण्याइतका श्वास त्याच्यापाशी उरला नव्हता, आणि विचारण्याइतके ज्ञान तिच्यापाशी नव्हते. तिच्या घरात तेल म्हणजे करडईचे तेल!

मग दर अमावास्येला, उद्धव शाळेत गेला की, ती गोठ्यात जाई. हँडलला हळदीचे बोट लावी, झेंडूचे फूल ठेवी, पान्याने प्लग काढी आणि स्वयंपाकघरातून आणलेले चमचाभर तेल देवाला अर्घ्य द्यावे तशा निगुतीने त्या छिद्रात सोडी. फोडणीला तेल पुरणार नाही अशी अमावास्याही तिने पाहिली होती. त्या दिवशी कालवण बिनफोडणीचे झाले, गाडीचा चमचा चुकला नाही. तिचा धाकटा भाऊ सांडू एकदा वेरूळहून आला, गाडीवर बसला आणि म्हणाला, "पडूनच हाय, तर मला दे की." ती म्हणाली, "माझी नाय ती, उद्धवची अमानत हाय." सांडू पाणीही न पिता उठला... त्यानंतर भाऊबीजेचे तिचे ताट रितेच राहिले!

आणि एवढे करूनही काय झाले? मागल्या एका अमावास्येपासून किक जड लागू लागली. मग एकदा ती हललीच नाही. त्या दिवशी आवडाबाई गाडीच्या टाकीवर डोके टेकून रडली होती. आपल्याच हातून काही तरी चुकले, आपणच ती मारली, अशी तिची खात्री झाली होती. म्हणूनच आज तिच्यापाशी उत्तर नव्हते. आणि नवऱ्याची ताकीद सांगावी, तर बापाचा आपल्यावर भरवसा नव्हता असे पोराला का वाटू द्यावे? माझ्यावर रागावला तर रागावू दे, ती स्वतःशी म्हणे. मेलेल्या बापावर रुसला, तर समजूत काढायला कोण येणार आहे?

रोशन गेटजवळ मोहियोद्दीन उस्तादांचे गॅरेज होते. निजामाविरुद्धच्या पोलीस ॲक्शनच्या सालचा जन्म असलेले हे गृहस्थ कारभारीचे जिवलग मित्र. मित्राच्या मुलाला त्यांनी गॅरेजचा एक कोपरा आणि हत्यारे मोकळी करून दिली. कामावरून सुटला की उद्धव तिथे जाई. काही सुटे भाग घरी आणून तो अंगणात घासत बसे. आवडाबाई भिजवलेल्या चिंचेची वाटी आणि चाळलेली राख पायरीवर ठेवी. कोणी ठेवली, असे त्याने विचारले नाही. परंतु त्याच चिंचेने चाकांच्या रिमवरचा गंज उतरला आणि हेडलाइटच्या कडीत एके दिवशी आकाश दिसू लागले. काळ्या ग्रीसने माखलेले ते तरुण हात दारातून पाहताना तिला कारभारीचेच हात दिसत, आणि तिचे अंतःकरण कृतज्ञतेने भरून येई : देवा, पोर कष्टाळू निघाले! रोज दिवेलागणीला ती हात जोडून एकच मागणे मागे, गाडी चालू होऊ दे. आपण आपल्याच ताटातुटीचे दान मागतो आहोत, हे तिला पूर्णपणे ठाऊक होते.

टाकीला नवा काळा रंग चढला, नवी गादी आली. उरले ते इंजिन. धनत्रयोदशीच्या सकाळी ते उघडायचे ठरले, आणि उद्धव पुन्हा उपाशीच गेला. आवडाबाईला राहवेना. भाकरीचे गाठोडे घेऊन ती चालत रोशन गेटला पोहोचली आणि गॅरेजबाहेरच्या बाकड्यावर अंग चोरून बसली. भाकरीचे केवळ निमित्त होते. गाडीच्या पोटात आपले पाप कसे दिसते, ते तिला पाहायचे होते.

उस्तादांनी इंजिनाचे वरचे झाकण, हेड, उतरवले आणि ते चकित झाले. पिस्टनभोवती लाखेसारखा पिवळसर, चिकट थर घट्ट बसला होता. "अजब चीज है," ते पुटपुटले. "गंज नहीं है ये. गयास, जरा ब्लोलॅम्प ला."

निळी ज्योत सिलिंडरवर फिरू लागली. थर हळूहळू मऊ झाला, त्यातून एक बारीक धूर निघाला, आणि त्या पेट्रोल-ग्रीसच्या जागेत एकाएकी असा वास दरवळला की कारागीर गयास हातातला पाना खाली ठेवून मोठ्याने हसला.

"उस्ताद, भूक लग गई! इंजन में धपाटे भाज रहे क्या?"

सगळे गॅरेज हसले. उद्धव तेवढा हसला नाही. तो वास त्याच्या ओळखीचा होता... शाळेतून आल्यावर दारातच भेटणारा, तापातून उठल्यावर पहिली भूक जागवणारा, तव्याच्या कडेने सोडलेल्या करडईच्या तेलाचा वास! त्याने सावकाश मान वळवली. बाकड्याजवळ आवडाबाई पदर तोंडाशी धरून उभी होती.

"तुम्ही... तुम्ही घातलं हे तेल?"

"मीच रे!" तिचा बांध फुटला. "तुझ्या बापानं मरताना सांगितलं, दर अवसेला चमचाभर तेल सोड. कोणतं ते मला कळलं नाय. घरात होतं ते घातलं... मीच मारली तुझी गाडी. तू म्हणला, ते खरं हाय!"

"मारली?" उस्ताद ताडकन उठले. "भाभी, इधर आओ. देखो." त्यांनी रॉकेलचा बोळा आतून फिरवला. थर निघून आला, आणि त्याखालचे पोलाद नव्या वाटीच्या तळासारखे लखलखले. "इतकी वर्षं कोरडी उभी राहिली असती, तर गंजानं पुरी खाल्ली असती. मीच म्हणलो असतो, भंगारात घाल. तेल गलत होतं, भाभी, मगर वक्त पे होतं. चिकटली, पण जपली!"

आवडाबाईने त्या चकाकत्या पोलादाकडे पाहिले. तिचा हात नकळत गळ्यातील टाकाकडे गेला. लक्ष्मीबाई, तुझ्या पाटल्या वाया गेल्या नाहीत गं... इतके दिवस उरावर घेतलेले ओझे असे एका बोळ्याने पुसले जाईल, हे तिच्या स्वप्नातही नव्हते.

उस्ताद उद्धवकडे वळले. "आणि बेटा, तुला माहीतच नव्हतं? मी बसलो होतो कारभारीभाईच्या खाटेजवळ. पोरगं कर्तं होईस्तोवर गाडीला हात लावू देऊ नको, असं तोच बोलला; तेलाचं मात्र माझ्यासमोर निघालं नव्हतं. मला वाटलं, घरात सांगितलं असंल."

उद्धव गरकन आवडाबाईकडे वळला. "मग बोलली का नायस?" तो कसाबसा म्हणाला. "मी इतकं बोललो, आत्या बोलली... तू एकदा तरी सांगायचं होतं!"

"काय सांगू? बापाचा तुझ्यावर भरवसा नव्हता म्हणून? जित्या माणसावरचा राग आज ना उद्या जातो, बाळा. मेलेल्यावरचा कुठं टाकशील?"

स्मृतीच्या तळातून काही वर यावे तसे तो म्हणाला, "आन् सांडूमामा? एकदा येऊन या गाडीवर बसले होते. तसेच गेले, पुन्हा आलेच नाय... या गाडीपायीच ना?"

तिने खाली पाहिले. त्याला उत्तर मिळाले.

त्याचे दोन्ही हात ग्रीसने काळे होते. तिच्या लुगड्याला लागू नयेत म्हणून ते त्याने पाठीमागे धरले, आणि भर गॅरेजात गुडघ्यांवर बसून नुसते कपाळ तिच्या पायांवर ठेवले. त्या पायांवर ऊन आसवे पडली. ती त्याच्या केसांतून हात फिरवीत राहिली, बोलली ती इतकेच, "ऊठ. सकाळपासून उपाशी हायस."

"पहले वो भाकर खोलो," उस्ताद डोळे पुशीत म्हणाले. "त्या वासानं आमचं काम बंद पाडलंय!"

पाडव्याच्या सकाळी अंगणात गाडी चालू झाली. पहिल्या धुरात तो वास पुन्हा एकदा आला आणि विरून गेला. आवडाबाईने गाडीला ओवाळले. मग ती घरात गेली आणि उद्धवची ट्रंक ओढीत उंबऱ्यापाशी घेऊन आली. आत धुतलेले कपडे होते, लाडवांचा डबा होता. गाडी चालू होताच घर सोडण्याचा शब्द त्याने रागात दिला होता. परंतु त्यातून त्याला मोकळे करण्याचा अधिकार आपला नव्हे, असे तिला वाटत होते.

"आत्या वाट बघत असतील," ती म्हणाली.

उद्धवने ट्रंक उचलली आणि सरळ आत नेऊन होती त्या जागी ठेवली.

"गाडी कशाला केलीय मग? सकाळी वाळूज, संध्याकाळी गारखेडा. आत्याच्या पाया पडून येतो. तिलाही सारं सांगायचं हाय. लाडू तेवढे दे तिच्यासाठी." दारातून तो मागे वळला. "आन् उद्याचं ओवाळणीचं ताट नीट बांधून ठेव. वेरूळला जायचंय."

दुसऱ्या दिवशी, त्या गाडीला इतकी वर्षे जपूनही जी तिच्यावर कधी बसली नव्हती, ती आवडाबाई मागच्या गादीवर एका बाजूने बसली. एका हाताने तिने मांडीवरचे ताट सांभाळले, दुसऱ्याने मुलाचा खांदा घट्ट धरला.

"हळू रे, हळू चालव!"

"अजून किती हळू? बैलगाडी मागं टाकंल आपल्याला!"

दौलताबादच्या घाटात मात्र, जिथे त्याचे वडील पडले होते, तिथे न सांगताच त्याने वेग कमी केला. आवडाबाईने ते जाणले, आणि तिने मनोमन कारभारीला सांगितले, "पोरगं कर्तं झालं."

गाडीचा आवाज ऐकून सांडू दारात आला. केस पांढरे झालेला तो भाऊ आधी गाडीकडे, मग बहिणीकडे पाहत उभा राहिला.

उद्धव पुढे झाला. "मामा, मायला घेऊन आलोय."

माय! आवडाबाईने हातातील ताट छातीशी घेतले. त्यातील सुपारी वाजली.

सांडूने टाकीवरून सावकाश हात फिरवला. "हीच का ती?" तो म्हणाला. "बरं झालं मला दिली नायस, आक्का. माझ्या हाती कधीच भंगारात गेली असती." आणि मग आत वळून, डोळे लपवीत, तो मोठ्याने ओरडला, "अगं, पाट मांड! माझी बहीण आलीय!"

लक्ष्मीबाईने दिलेल्या पाटल्यांचे पुण्य या घराला सदैव लाभो. कारभारीच्या आत्म्याला शांती मिळो. मोहियोद्दीन उस्तादांच्या हाताला यश राहो. रागाने घराबाहेर निघालेल्या प्रत्येकाची वाट दिवेलागणीला अशीच घराकडे वळो. आणि त्या मायलेकरांच्या रस्त्यावरचे ऊन नेहमी कोवळेच असो.