गरम पाण्याच्या गावची बाई

उन्हाळ्यात आमच्याकडे सगळे गच्चीवर निजत. दिवस मावळला की गच्चीवर बादल्यांनी पाणी मारायचं आणि तापलेल्या सिमेंटची वाफ निघून गेली की गाद्या टाकायच्या. पंच्याऐंशी सालच्या मे महिन्यात भैय्याजी आमच्याकडे राहायला आले होते. भैय्याजी म्हणजे वडिलांचे मावसभाऊ. नागपूरला इतवारीत भांड्यांच्या दुकानात त्यांचा सारा जन्म गेलेला. त्या रात्री माझी धाकटी बहीण जया त्यांच्या बाजेच्या पायथ्याशी बसली आणि त्यांचे पाय दाबायला लागली. विस्तवावर पाय पडावा तसे त्यांनी पाय आखडून घेतले.

"पाय नको दाबू वं, बाई," ते म्हणाले. "दुसरं काईबी कर."

जया म्हणाली, सगळे म्हातारे पाय दाबून घ्यायला पोरांच्या मागे लागतात, तुमचं उलटंच. आमचा आतेभाऊ विश्वनाथ म्हणाला की भैय्याजींना गुदगुल्या होत असतील. भैय्याजी हसले नाहीत. त्यांनी पांघरूण पायांवर नीट ओढून घेतलं आणि म्हणाले की ऐकायचं असेल तर सांगतो, पण मग जिन्यावरून एकटं खाली जायला भ्यायचं नाही.

अठ्ठ्याहत्तर सालची गोष्ट. जानेवारीची सतरा तारीख, मंगळवार. संक्रांत नुकतीच झाली होती आणि घरोघरी हळदीकुंकू चालू होतं. भैय्याजींच्या मित्राच्या बायकोनं, मनकर्णावहिनींनी, वाण लुटायला स्टीलच्या छोट्या वाट्या सांगितल्या होत्या. दुपारनंतर दुकानातून लवकर निघून भैय्याजींनी वाट्यांची पिशवी सायकलच्या दांड्याला अडकवली आणि इतवारीतून प्रताप नगरची वाट धरली. तेव्हाचं प्रताप नगर म्हणजे रिकामे प्लॉट, मध्येच एखादं घर. थंडी चांगलीच होती. पिशवी पोचवायची, चहा प्यायचा आणि परतायचं, एवढंच काम होतं.

मित्राचं नाव शालिकराम. शाळेपासूनचा सोबती. एका कापडगिरणीत तो फिटर होता. गिरणीनं जपानहून नवी यंत्रं मागवली आणि ती जोडायचं शिकून यायला शालिकरामला आणि कृष्णकांत नावाच्या एका तरुण इंजिनिअरला तिकडे पाठवलं. डिसेंबर संपता संपता दोघे परतले. मोहल्ल्यातले लोक शालिकरामला पाहायला आले, तर त्याच्या तोंडी यंत्रांचं नावच नाही. सांगायचा ते गरम पाण्याचं. डोंगरातल्या एका गावात कंपनीनं त्यांना सुटीला नेलं होतं. जमिनीतून उकळतं पाणी निघतं, दगडी कुंडात साठवतात, काठावर बर्फ आणि आत माणसं गळ्यापर्यंत बुडालेली. सगळे उघडे उतरले आणि हा एकटा पट्ट्यापट्ट्याची चड्डी घालून. तर कुंडातले म्हातारे असे हसले, की एकाच्या नाकातोंडात पाणी गेलं. आंघोळ झाली की चटईच्या खोलीत पाय दाबून देतात. वीस वर्षं यंत्रापाशी उभं राहून लाकूड झालेले पाय. "पाय म्हंजे काय असते, मले तिथं समजलं गा," असं तो सांगायचा.

भैय्याजी पोचले तेव्हा दिवेलागण झाली होती. मनकर्णावहिनींनी दार उघडलं. त्यांच्या डाव्या हाताला कोपरापर्यंत फडकं गुंडाळलेलं होतं. पिशवी त्यांनी न बघताच कोपऱ्यात ठेवली. शालिकराम कुठे आहे असं विचारल्यावर त्या म्हणाल्या, निजले. भैय्याजींना नवल वाटलं. एवढ्या लवकर?

चहा ठेवता ठेवता वहिनींनी सगळं सांगितलं. परत आल्यापासून हे रोज दिवे लागले की अंथरुणावर पडतात. आधी वाटलं, प्रवासाचा शीण. पण सकाळी चादर पायथ्याशी ओली लागते, आणि दिवाळीत फटाके उडाल्यावर येतो तसा गंधकाचा वास येतो. अंग झडत चाललं. डॉक्टरांनी टॉनिक दिलं. पलंग दुसऱ्या खोलीत नेला, फरक नाही. एक रात्र खुर्चीत बसून काढायची म्हणून बसले, तर खुर्चीतच खिळले. आणि परवा रात्री स्टोव्ह भडकला. पदरानं पेट घेतला. वहिनी ओरडल्या. शालिकराम समोरच्याच खोलीत पलंगावर होता. डोळे उघडे. त्यांच्याकडेच बघत होता. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण बोटसुद्धा हललं नाही. पदर त्यांनी स्वतःच विझवला.

"भाऊजी, आज इथंच राहा," त्या म्हणाल्या. "मले एकटीले नाई पाहवत."

भैय्याजी आत गेले. शालिकराम जागा होता. तीन आठवड्यांत माणूस वीस वर्षांनी म्हातारा झालेला. त्यानं चादर बाजूला केली. गुडघ्याच्या खाली पाय पांढरेफटक, सुरकुतलेले. दिवसभर कपडे धुतलेल्या बाईच्या बोटांसारखे.

मग शालिकरामनं जे मोहल्ल्याला सांगितलं नव्हतं ते सांगितलं.

त्या गावातली शेवटची रात्र होती. कृष्णकांत झोपून गेला होता. शालिकराम कुंडातून येऊन चटईवर पडला, तर दार सरकलं आणि एक म्हातारी आत आली. इतर दिवशी तरणी माणसं असत. ही वाकलेली, केस ओले, मान खाली. ती पायाशी बसली. शालिकराम ओशाळला. आईपेक्षा मोठी बाई आपले पाय कशी दाबणार? त्याची आई, तुळसाबाई, त्याच वर्षी गेलेली. रोज रात्री तो तिचे पाय दाबून द्यायचा. त्यानं पाय मागे ओढले. म्हातारीनं घोटा हलकेच धरला. हात कुंडातल्या पाण्यासारखे गरम. आणि मग... त्याला पाय मागे घ्यावेसे वाटलेच नाहीत.

किती वेळ गेला ठाऊक नाही. शेवटी म्हातारीनं गुडघे टेकले आणि त्याच्या पावलांपुढे जमिनीवर डोकं ठेवलं. तिकडे निरोप घ्यायची ती रीतच आहे. हॉटेलचा मालकसुद्धा तसाच वाकतो. शालिकरामला ते ठाऊक होतं. पण तो अर्धवट झोपेत होता, मनात आई होती, आणि आपल्याकडे कुणी पायांवर डोकं ठेवलं तर हात आपोआप पुढे जातो. त्यानं उठून बसत तिच्या ओल्या डोक्यावर हात ठेवला. आईच्या शेवटच्या दुखण्यात तो रोज जे म्हणायचा, तेच तोंडून निघालं. माय, माझं आयुष्य लागो तुले.

म्हातारीनं वर पाहिलं. पहिल्यांदाच. मग पुन्हा डोकं टेकवलं, आणि बराच वेळ उचललं नाही.

सकाळी कृष्णकांतनं मालकाचे आभार मानले आणि शालिकरामकडून ऐकलेल्या त्या म्हातारीचाही विषय काढला. अशी एक होती, मालक म्हणाला. जन्मभर पाहुण्यांचे पाय दाबले तिनं. या हिवाळ्यात पहिला बर्फ पडला त्या रात्री, काम आटोपल्यावर, स्वतःचे गारठलेले पाय शेकायला ती कुंडात उतरली. सकाळी तिथंच सापडली.

कृष्णकांतनं हे विमानात हसत हसत सांगितलं होतं.

"लागून राहिलं तिले," शालिकराम म्हणाला. "माझं आयुष्य. रोज थोडं थोडं लागून राहिलं. जोवर ती दाबते तोवर मले उठता येत नाई. अन् खरं सांगू का गा... उठावंसं बी नाई वाटत."

भैय्याजी एवढं सांगून थांबले. विश्वनाथनं विचारलं की दिलेला आशीर्वाद परत नाही का घेता येत. भैय्याजी म्हणाले, दिलेलं आयुष्य परत मागायला माणसाकडे तोंड असतं का?

त्या रात्री भैय्याजी खिडकीपाशी खुर्ची टाकून बसले. दिवा चालू ठेवला. वहिनी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसल्या. शालिकरामनं दोघांशी थोडं बोलून घेतलं. उसाच्या रसवंतीवर एकदा दोघांनी पैजेवर रस प्यायला होता, त्याची आठवण काढून हसलाही. लांबून गिरणीच्या रात्रपाळीचा भोंगा ऐकू आला. भोंगा थांबला, तसा शालिकराम बोलता बोलता थांबला.

वाक्य अर्धंच राहिलं.

आधी वास आला. गंधकाचा. मग खोलीतली थंडी गेली. जानेवारीतली नागपूरची थंडी, आणि भैय्याजींच्या गळ्याला घाम आला.

चादर पायथ्याशी ओली होत गेली.

भैय्याजींनी पाहिलं. शालिकरामचा उजवा तळवा. त्यात एक खळगा पडला. अंगठ्याएवढा. तो टाचेकडे सरकला. थांबला. पुन्हा वर आला. हळू... अगदी मायेनं.

तिथं कुणी नव्हतं.

भैय्याजींना उठायचं होतं. पाय उचलेना. हाक मारायची होती. जीभ टाळूला चिकटलेली. दार चार हातांवर होतं, उघडं होतं. त्यांना फक्त बघता येत होतं. शालिकरामही बघत होता, त्यांच्याकडे. ओठांवर सुख होतं. डोळ्यांत नव्हतं.

खळगा डाव्या पायात आला. शालिकरामचा श्वास लांबला. एक श्वास. मग बराच वेळ काही नाही. मग एक.

मग... काहीच नाही.

वहिनी उठल्या.

त्या आत गेल्या, आणि परत आल्या तेव्हा त्यांच्या हातात काशाची वाटी होती आणि थोडं तूप. सासूच्या तळपायांना त्या याच वाटीनं तूप घासत. त्यांनी पलंगाच्या पायथ्याशी फरशीवर पाट मांडला. स्वतः समोर खाली बसल्या. डोक्यावरून पदर घेतला. आवाज घरातल्या माणसाशी बोलावं तसा साधा होता.

"आई, तुमी थकल्या असान. जल्मभर दुसऱ्याचेच पाय दाबले. या, बसा इथं. आता तुमचे पाय द्या मले."

काही नाही.

वहिनी हात पुढे करून बसून राहिल्या.

खळगा थांबला. शालिकरामच्या तळव्यातच थांबून राहिला. जणू कुणी बोट न उचलता मान वळवून पाहत होतं.

मग तळवा सपाट झाला.

पाट करकरला.

वहिनींचे हात एकदम खाली झुकले, त्यांत कुणी वजन ठेवावं तसे. त्यांच्या तोंडून बारीक हुंकार निघाला. पण हात त्यांनी काढले नाहीत. तूप लावलं. वाटी उचलली.

घस... घस... घस...

हवेत वाटी फिरत होती, आणि कातडीवर फिरल्यासारखा आवाज येत होता.

पलंगावर शालिकरामनं मोठ्यानं श्वास घेतला, बुडता माणूस वर येऊन घेतो तसा. तो कुशीवर वळला, खाली उतरला, पडला, रांगत भिंतीपर्यंत गेला. भैय्याजींचीही जीभ सुटली. ते वहिनींना हाक मारणार होते. वहिनींनी मान वळवली नाही. नुसती हलवली. नको.

वाटी रात्रभर फिरत राहिली. दोघे पुरुष भिंतीला टेकून बसले होते. दार उघडं होतं तरी बाहेर कुणी गेलं नाही. फटफटलं तेव्हा आवाज थांबला. वहिनींनी वाटी बाजूला ठेवली. तिच्यातलं तूप काळंकुट्ट झालं होतं.

भैय्याजींनी हलक्या आवाजात विचारलं, गेली का?

वहिनी म्हणाल्या, "हळू बोला, भाऊजी. आत्ताच डोळा लागला त्याइचा."

शालिकराम वाचला. महिन्याभरात अंग भरलं, पायांचा रंग परत आला. गिरणीत कामावर गेला. पाय दाबणारं पुन्हा कुणी आलं नाही. मात्र वहिनी घराबाहेर एकही रात्र राहिल्या नाहीत. काटोलला सख्ख्या भावाचं लग्न होतं. पातळं घडी करून पिशवीत भरली, बसमध्ये जाऊन बसल्या, आणि बस सुटायच्या आधी उतरून परत आल्या. शालिकरामनं हातापाया पडून सांगितलं की घर विकू, दुसरीकडे जाऊ. त्या म्हणाल्या, दुसरीकडे गेलो तर त्याइले रस्ता नाई सापडणार, मग त्या कोणाकडे जातीन? दिवे लागले की त्या आतल्या खोलीत जातात आणि दार लोटून घेतात. शालिकराम बाहेरच्या खोलीत रेडिओ मोठा करून बसतो.

जयानं विचारलं, अजूनही? भैय्याजी म्हणाले की गेल्या पोळ्याला ते जाऊन आले, तेव्हा दार लोटलेलंच होतं.

मग त्यांनी एवढंच आणखी सांगितलं. त्या खोलीत, जिथं पाट मांडला होता, तिथली एक शहाबादी फरशी थंडीच्या दिवसांतही कोमट असते. शालिकरामनं एकदा वहिनी देवळात गेल्या असताना गवंडी बोलावून ती उखडली. खाली पाहिलं. कोरडी माती होती, दुसरं काही नाही. नवी फरशी बसवून घेतली.

फरशी बसवल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी भैय्याजी तिथं गेले आणि त्यांनी स्वतः वाकून त्या नव्या फरशीला हात लावून पाहिला.

ती कोमट होती.