घाटावर कावळा का शिवेना?

"गुंड्या, त्यो बघ! आला… आला… गेला की रं परत!"

बनूने कपाळावर हात मारला. घाटाच्या पायरीवर तिच्या आईच्या दहाव्याचे पिंड पत्रावळीवर ठेवले होते. ऊन चढत होते, पण एकही कावळा शिवायला उतरत नव्हता.

आई सांगलीच्या दवाखान्यात वारली. गावी वडूजला मे महिन्यात नदी कोरडी, म्हणून बनूचे वडील तात्याबा, म्हणजे तिचे आण्णा, दिवसांसाठी इथेच राहिले. घाटाच्या जुन्या दगडी तटाला लागून धोंडुबाईच्या खोल्या होत्या. दिवसाला आलेली माणसे तिथेच उतरत. आकाराममामा आला होता, आणि शाळेला सुट्टी म्हणून त्याची पोरं गुंडा आणि जोतीरामही.

तात्याबांनी पिंडासमोर हात जोडले. "पोरीला शिकवीन. दुसरं लगीन करणार न्हाई. आता तरी शिव की गं!"

काही हलले नाही.

मामा पुढे सरकला. "दाजी, आक्काच्या मनातलं मला ठावं हाय. बनू माझ्या घरात द्यायची. आमच्या गुंडाला. शबूद द्या, लगीच शिवंल!"

"मला?" गुंडा बापाकडे बघून ओरडला. "आवं दादा, ही मला गुद्दं घालती!"

"गप बस!"

बनूला हसू आले नाही. मामा खोटे बोलत नव्हता, त्याला खरंच तसे वाटत होते. आणि आण्णा एकदा दिलेला शब्द कधी फिरवत नसत. आईसाठी तर ते आज कशालाही हो म्हणाले असते.

"काल शेजारच्या खोलीतल्यांनाबी दर्भाचाच कावळा करावा लागला," ती हळूच म्हणाली.

"परवाच्यांनाबी," जोतीराम म्हणाला.

"मग काय सगळ्यांच्याच मनात काय तरी राहिलंय व्हय?"

तिघे टक लावून बघू लागले. कावळे नदीवरून सरळ येत, धोंडुबाईच्या गच्चीसमोर आले की ओरडत माघारी वळत!

"गच्चीवर काय तरी हाय. चला!"

जिन्यात धोंडुबाई आडवी आली. "वर न्हाई जायचं! कुरडया घातल्यात वाळत. तुमाला सुतक हाय!"

जोतीराम गुपचूप परसात पळाला आणि तिथून ओरडला, "आवं मावशी, गाय शिरली! चाऱ्याची गंजी खातीया!"

"आगं बया!" धोंडुबाई धावली.

बनू आणि गुंडा वर गेले. गच्चीभर धोतरांवर कुरडया पसरल्या होत्या. आणि तटाच्या बाजूला बांबूवर, पाय बांधून उलटा टांगलेला मेलेला कावळा!

"शी!" गुंडा मागे सरला. बनूने मात्र सुतळी सोडली, कावळा गुंडाच्या पंच्यात गुंडाळला आणि जिन्याने धावत सुटली.

खाली तात्याबांनी हातात पाणी घेतले होते.

"आण्णा, थांबा! शबूद देऊ नगा! ह्ये बघा!"

पंचा उघडला. सगळे बघत राहिले. मागून आलेली धोंडुबाई खाली बसली. "कावळं कुरडयांवर तुटून पडायचं, म्हणून टांगला व्हता. खाली माणसं ताटकळत्यात, ह्ये माझ्या ध्यानातच आलं न्हाई बाबा!"

तात्याबांनी ओंजळीतले पाणी सोडून दिले. गुंडाने पंचा घेतला आणि दूर वाळूत कावळा पुरला. मग सगळे वाट बघत बसले.

बऱ्याच वेळाने एक कावळा तटावर बसला. त्याने इकडेतिकडे बघितले, तो उतरला आणि त्याने भातात चोच घातली.

"शिवला! शिवला!"

मामाने डोळे पुसले. "दाजी, मी भलतंच बोललो. पोरीला डोकं हाय. शिकवा तिला."

"व्हय," धोंडुबाई म्हणाली, "लय धीराची हाय."

लोक अंघोळीला उठले. गुंडाने बनूच्या पाठीवर थाप मारली. "जितलीस की गं!"

बनू पत्रावळीकडे बघत होती. सकाळपासून ती कावळ्याची वाट बघत होती. तो शिवला म्हणजे आई खरोखर गेली, हे तिला आत्ता कळले.

"आण्णा, आईचं काय अडलं न्हवतं न्हवं?"

"न्हाई बाळ." तात्याबा तिच्याजवळ बसले. "आपलंच अडलंय."

तेव्हा बनू दहा दिवसांत पहिल्यांदा रडली.