फायदा कोणाचा?

अमेरिकेतल्या बॉथेल गावच्या लायब्ररीत, डीव्हीडींच्या कपाटापाशी, अनिका आणि देवदत्त पहिल्यांदा भेटले ते भांडतच. आजकाल डीव्हीडी कोण नेतं, असं तुम्ही म्हणाल. पण मालिका जुनी होती, इंग्लंडमधल्या एका खेड्यातल्या खुनांची, आणि तिचा सातवा सीझन दुसरीकडे कुठे मिळतच नव्हता. तो नेमका देवदत्तच्या हातात होता. मागचा मजकूर वाचून तो स्वतःशीच "काय बाप्पा" म्हणाला, म्हणून अनिकाला कळलं की माणूस आपल्यातला आहे.

"नेऊ नकोस," ती म्हणाली. "त्यातला पोस्टमन दुसऱ्या सीझनमध्येच विहिरीत पडून मेलाय. तोच ॲक्टर. नुसती मिशी लावलीय."

"मग? मेलेल्या माणसाने पोटापाण्याचं बघू नये का?"

तिला हसू आलं... आणि हसू आल्याचा रागही आला. बाहेर भुरभुर चालू होती, त्याच्या चष्म्यावर थेंब होते, आणि ते न पुसताच तो तिच्याकडे बघत होता.

अनिका जन्मापासून इथलीच. मराठी आईकडून आलेलं, वादाला मात्र पुरून उरणारं. औषधांच्या कंपनीत लॅबच्या नोंदी तपासणं हे तिचं काम. एका कागदावर सोमवार आणि दुसऱ्यावर मंगळवार दिसला, की बाईसाहेबांनी पकडलंच म्हणून समजा. देवदत्त नागपूरचा, सॉफ्टवेअरवाला, व्हिसावर आलेला. सीझन कोणी न्यायचा यावर तोड निघेना, तेव्हा दर शनिवारी दुपारी तिच्या घरी दोघांनी मिळून बघायचं ठरलं.

"वस्ती तीनशे," अनिका सोफ्यावर पाय घेऊन हिशोब मांडायची. "आत्तापर्यंत खून एक्क्याऐंशी. तरी नवे लोक हौसेने घरं घेतायत. प्लॉझिबल आहे का हे, कोणाला पटेल?"

"हवा चांगली असेल."

"आणि इन्स्पेक्टरच्या बायकोला मांजराची ॲलर्जी होती. आता मांडीवर मांजर. कसं काय?"

"मांजर आवडलं असेल. माणूस आवडत्यासाठी शिंका सहन करतो, अनिका," असं म्हणून तो चहाच्या कपात बघायचा. तिचे कान गरम व्हायचे. सरळच सांगते, पोरगी प्रेमात पडली होती, पार गळ्यापर्यंत. तो मात्र पुढचं वाक्य बोलत नव्हता. शनिवारमागून शनिवार गेले, तरी नाही.

आणि तिसऱ्या महिन्यात त्याच्याच गोष्टीत चुका दिसायला लागल्या.

मंगळवारी ऑफिसला जावंच लागतं म्हणणारा देवदत्त मंगळवारी अकरा वाजता नदीकाठच्या पार्कात एकटा बसलेला तिला गाडीतून दिसला. शनिवारी विचारलं, तर म्हणे, "मंगळवारी? मीटिंगवर मीटिंग होती." गळ्यातलं ऑफिसचं कार्ड दिसेनासं झालं. स्नोमध्ये ट्रिपला जाऊ म्हणणारा माणूस हिवाळ्याचं नाव निघालं की विषय बदलायचा. फोन आला की बाल्कनीत जाऊन हळू आवाजात बोलायचा. एकदा तिने ऐकलं, "हो आई, तारीख पक्की आहे."

तारीख. झालं. घरच्यांनी मुलगी बघितली असणार, दुसरं काय?

त्या शनिवारी पडद्यावर पाद्रीबाबा फुलांच्या प्रदर्शनात मरून पडले, तरी ती हसली नाही. देवदत्तने व्हिडिओ थांबवला.

"काय झालं?"

"मंगळवारी तू पार्कात होतास. कार्ड नाहीये. डिसेंबरचं बोलत नाहीस. तारीख पक्की झालीय." ती बोटांवर मोजत गेली. "मुलगी कोण आहे, देवदत्त?"

"मुलगी? बाप्पा, काय विचारून राहिली तू... तिकिटाची तारीख आहे ती. नोकरी गेली माझी. आज बावन्नावा दिवस."

पुढचं सांगायची गरज नव्हती. व्हिसावरच्या माणसाची नोकरी गेली की साठ दिवस मिळतात. तेवढ्यात दुसरी मिळाली नाही, तर परतीचं विमान. हे बॉथेलमध्ये शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. अनिकाला आधी हायसं वाटलं, मग त्या हायसं वाटण्याची लाज वाटली, आणि मग भयंकर राग आला.

"बावन्न दिवस खोटं बोललास? मला का नाही सांगितलंस?"

"कारण तू इथली सिटीझन आहेस."

"सो?"

"अनिका, मालिकेतला इन्स्पेक्टर सगळ्यात आधी काय विचारतो? फायदा कोणाचा?" त्याने चष्मा काढून हातात धरला. "मला तू आवडतेस. नोकरी जायच्या आधीपासून, त्या कपाटापासून. पण ते मी आत्ता बोललो, तर त्याला पुरावा काय? कोणीही म्हणेल, पोरगा ग्रीन कार्डासाठी आला."

हेच ऐकायला ती तीन महिने थांबली होती, आणि ऐकायला मिळालं ते असं.

"मग लग्न करू," ती तिरीमिरीत म्हणाली. "पुढच्या आठवड्यात. प्रश्न मिटला."

"नको."

"नको?"

"उद्या आपलं भांडण झालं, की हा प्रश्न तुझ्या मनात येईल. खरं सांग. येणार नाही?"

तिला 'नाही' म्हणायचं होतं. पण ज्या बाईने तीनशे वस्तीच्या गावातले मुडदे मोजले, ती स्वतःच्या नवऱ्याला सोडेल? बाहेर पाऊस तसाच चालू होता.

"येईल," ती शेवटी म्हणाली. "तिकीट कधीचं आहे?"

"पुढच्या शनिवारचं."

"मग तू जा."

त्याचा चेहरा पडला. त्याने चष्मा घातला आणि जॅकेटकडे हात नेला. अनिकाने तो हात मध्येच धरला. इतक्या शनिवारांत पहिल्यांदाच धरला, आणि चांगला घट्ट.

"पूर्ण ऐक ना. जा, म्हणजे नागपूरला पोच. सोमवारी पोचशील. तिथे ना व्हिसाची मुदत, ना साठ दिवस, ना घाईघाईचा फायदा. तिथून मला विचार."

"आणि तू काय म्हणशील?"

"ते तेव्हा कळेल." तिचे डोळे भरून आले होते, तरी ओठ हसत होते. "मंगळवारपर्यंत वाट बघीन, देवदत्त... नाहीतर बुधवारच्या विमानाने येऊन मीच विचारेन."