मणी झोका घेऊन परत येईपर्यंत

प्रयोगशाळेच्या दारावर लाल दिवा असताना आत यायचं नाही, हे तिथल्या झाडूलासुद्धा ठाऊक होतं! पण तो आला. दार धाडकन आपटलं, टेबल हादरलं, आणि लेझरच्या उजेडात तिने सकाळपासून तरंगत ठेवलेला काचेचा मणी, डोळ्यांना दिसणारही नाही एवढासा, गेला.

“डोळे काय घरी ठेवून आलात?” ती कडाडली.

त्याचं “सॉरी” आलं ते थेट दुपारी, चहाच्या वेळी! सर्किटं बनवणाऱ्या त्या लाजऱ्या माणसाचं नाव तिने ‘उशीरराव’ ठेवलं… आणि बघता बघता त्याच्यावर जीव लावून बसली.

दोघांचं काम एकच. मणी इकडे धावला की समोरून हलकेच ढकलून त्याला शांत करायचं. पण कॅमेरा बघेपर्यंत, सर्किट ठरवेपर्यंत मणी उलटा फिरलेला असे. मग तोच धक्का पाठीत बसायचा, आणि शांत व्हायचं सोडून मणी आणखी थयथयायचा, म्हणजे तापायचा.

तीही तापायची. एकदा धीर करून, त्याच्या स्टुलापाशी उभी राहून तिने विचारलं, “जेवायला येशील माझ्याबरोबर… दोघंच?” तो स्क्रूड्रायव्हर घट्ट धरून गप्प! “राहू दे,” म्हणून ती निघून गेली. पण मन थोडंच ऐकतं? घरी मावशी ओरडायची, “अगं, दूध उतू गेलं! लक्ष कुठाय तुझं?”

शेवटी तिने दुसऱ्या शहरातली नोकरी घेतली. आज इथला शेवटचा दिवस होता.

“एक बघतेस?” तो म्हणाला. “उशीर कमी होईना… म्हणून मी वाढवला.”

“अरे देवा! तू आणखी काय करणार!”

“मणी अख्खा झोका घेऊन परत तिथेच येतो ना, तोवर थांबायचं. मग ढकलायचं.”

त्याने बटण दाबलं, आणि मण्याची हालचाल दाखवणारी पडद्यावरची थयथयणारी रेघ हळूहळू निवळली. तिचे डोळे भरून आले.

“म्हणजे उशीर चालतो?”

“मणी परत तिथे आला तर…”

तिने पर्स उचलली, दारापर्यंत गेली. त्याचा चेहरा उतरला. मग ती वळली, आणि त्याच्या स्टुलापाशी, त्या दिवशीच्याच जागी येऊन उभी राहिली.

“येतो,” तो म्हणाला. “जेवायला. दोघंच.”

“सहाची गाडी आहे रे माझी, वेड्या…”

“मग तिकडे येतो.”

या उत्तराला त्याला क्षणही लागला नव्हता.