एकतिसाव्या खोक्यातलं पत्र

शेगडीत एक लाकूड सारा, आणि ते फोन उलटे ठेवा पोरांनो. माझी मेहुणी ब्रॉन्विन थापा मारणारी बाई नाही, म्हणून सांगतो.

ॲडलेडच्या उत्तरेला, आपल्या या तांब्याच्या गावात, जुन्या कागदांचा दप्तरखाना ती एकटी सांभाळायची. शाळांची इतिहास स्पर्धा आली की दर गुरुवारी उशिरापर्यंत उघडा ठेवायची. जुना कागद धरायचा कसा, तो कुठल्या खोक्यातला याची नोंद करायची कशी, सगळं मुलांना शिकवायची.

१४ ऑगस्ट २०१४, गुरुवार. संध्याकाळचे सव्वासहा, बाहेर थंडी आणि मिट्ट काळोख. पंधरा वर्षांची लोवेना हॉकिंग स्पर्धेच्या निबंधावर, कागद तपासल्याची ब्रॉन्विनची सही घ्यायला आली. मुदत दुसऱ्या दिवशीची.

वाचता वाचता ब्रॉन्विन थांबली. गावच्या खाणीत पाणी शिरून माणसं बुडाली, तेव्हा वर यायचं फाटक उघडं होतं, असा खाण कंपनीचा जुना अहवाल. लोवेनानं मात्र बुडालेल्या एकाच्या विधवेचं पत्र दिलं होतं. फाटकाला कुलूप होतं, असं सांगणारं.

"हे कुठून आणलंस?"

"एकतिसाव्या खोक्यातून, मिस."

"त्या खोक्याची यादी मी केलीय. त्यात असलं पत्र नाही. मनानंच रचलंस ना?"

"शप्पथ नाही, मिस! तुमच्या त्या दुसऱ्या बाईंनी काढून दिलं. तुम्ही फोनवर होतात."

"कुठली दुसरी बाई? इथं मी एकटी असते."

लोवेनानं मागच्या खोलीकडे बोट दाखवलं.

"चल. दाखव मला."

मागच्या खोलीत ब्रॉन्विननं खोका उघडून एकेक कागद उलटला. बावीस. यादीतही बावीसच. पोरीचे डोळे भरले. ब्रॉन्विनला वाटलं, नाटकं.

तेवढ्यात दिवे गेले.

शेवटच्या कपाटामागे खोकी वाहायच्या ढकलगाडीचं चाक कुरकुरलं.

"कोण आहे?"

...

चाक जवळ आलं. आणखी जवळ. थांबलं.

लोवेनानं तिचा दंड धरला. दोन्ही हातांनी.

दिवे आले. समोर गाडी. गाडीवर एकच कागद. माणूस... कुणी नाही.

तेच पत्र होतं. सन १८८७.

तरी ब्रॉन्विनचा संशय फिटेना. पोरीचा कुणी साथीदार असणार. तिनं कपाटामागे पाहिलं, मागचं दार पाहिलं. आतून कडी.

तिनं पत्र उचलून वाचलं. मग म्हणाली, "सही करते. पण पत्र यादीत नव्हतं, खरेपणा अजून तपासायचाय, हे निबंधात स्वच्छ लिही. शंका लपवायची नाही."

लोवेनानं तसंच लिहिलं. परीक्षकांना तो प्रामाणिकपणाच भावला, बक्षीस मिळालं. पुढे ॲडलेडच्या तज्ज्ञांनी पत्र तपासलं. कागद जुना, शाईही तितकीच जुनी.

पण त्या संध्याकाळी ब्रॉन्विननं पत्र उचललं, तेव्हा शाई ओली होती. अंगठ्याला लागली. साबण लावून झाला, लिंबू चोळून झालं...

अकरा वर्षं झाली. रविवारी ती जेवायला येईल, तेव्हा बघा तिचा अंगठा.

विचारू मात्र नका.