करीकल्लूच्या कातळावर वधस्तंभ

सहा फुटी सागवानी वधस्तंभ पाठीवर बांधून करीकल्लू डोंगराच्या माथ्यावर न्यायचा आणि उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, दुपारी तीनच्या आत तिथे रोवायचा, तोही पाण्याचा थेंब न घेता! दयानंदअण्णांचा हा बेत ऐकताच मी नाही म्हणायला हवं होतं. पण त्यांच्या पत्नीच्या, चंपाअक्कांच्या, छातीतल्या गाठीचा रिपोर्ट सोमवारी यायचा होता. कोणत्या तोंडाने नाही म्हणणार?

मी येसाजी. आमचं घराणं पिढ्यानपिढ्या येलहंक्यात. सुट्टीला मी लोकांना कातळ चढायला शिकवतो. अण्णा बेळगावकडचे ख्रिस्ती, राहायला के. आर. पुरमला. त्यांच्या पाळकांनी बजावलं होतं, आपल्यात नवस नसतो. अण्णांनी नवस हा शब्द तेवढा गाळला, बेत तसाच ठेवला. अक्का खांद्यावर चादर टाकून हट्टाने बरोबर आल्या. वाटभर एक शब्द बोलल्या नाहीत.

एप्रिलचा कातळ नऊलाच तव्यासारखा तापला. काटेरी झुडपं बाह्या फाडत होती, पायाखालची खडी दगा देत होती, आणि सावली नावालाही नव्हती. त्या डोंगराला आम्ही नकोच होतो. मला तर त्या लाकडाचाही राग येऊ लागला.

"अण्णा, स्वल्प पाणी घ्या की!"

"तीननंतर."

"देव काय घड्याळ लावून बसलाय?"

 अण्णांचे ओठ पांढरे पडले होते.

शेवटच्या कड्यावर मी आणि अक्का आधी चढून एका कपारीत पोचलो. अण्णा कमरेला दोर बांधून खालून येत होते, दोराचं टोक माझ्या हातात. वधस्तंभाचा आडवा दांडा वरच्या खडकाला थडकला, आणि खडकाखालून काळा ढग उठला. आग्या मोहोळ!

"अक्का, चादर! डोक्यावर घ्या! हलू नका!"

माझ्या मानेवर तीन डंख. हातावर दोन. दोर सोडायचा नव्हता! खाली अण्णा ओरडले, त्यांचा हात सुटला. दोराला हिसका बसला, माझे तळवे सोलले. पाचेक मिनिटांनी माशा पांगल्या, तेव्हा कळलं: वधस्तंभ कातळाच्या भेगेत अडकला होता, अन् अण्णा त्यालाच बांधलेले. कितीही ओढलं तरी हलेनात! त्यांची मान एका बाजूला कलत चालली होती.

"छातीवरचा पट्टा सोडा! लाकूड जाऊ द्या!"

"नाही! हा पडला तर तिचं..." पुढचं त्यांना बोलवलं नाही.

मग चंपाअक्कांना कंठ फुटला. "माझ्या नावानं प्रभूला लाच देताय? त्यानं एकदा वाहिला, तेवढा बास की! तुम्ही इथं मेलात तर सोमवारी माझ्याबरोबर कोण येणार?"

अण्णांनी वर पाहिलं. मग पट्टा सोडला.

लाकूड आदळत, उसळत खालच्या झुडपांत गडप झालं. मी सारा जीव लावून ओढलं. अण्णा कपारीत आले तसे कोसळलेच. अक्कांनी त्यांच्या तोंडाला बाटली लावली. बारासुद्धा वाजले नव्हते. ते रडत रडत प्याले.

"मला लई भीती वाटते हो," अक्का म्हणाल्या. "तीन आठवडे बोलले नाही. तुम्हीच इतके घाबरलेले, तुम्हाला कसं सांगू?"

"मलाही वाटते," अण्णा म्हणाले. त्यांनी अक्कांचा हात धरला आणि डोळे मिटले. "प्रभू, सोमवारी काय येईल ते आम्हाला ठाऊक नाही. तू बरोबर ये."

एवढंच. मागणं नाही, सौदा नाही. मी देवाधर्माच्या वाटेला न जाणारा माणूस, पण तेव्हा माझी टवाळी घशातच राहिली.

मी दोर गुंडाळून वळलो तर अक्का अण्णांच्या खांद्यावर डोकं टेकून गाढ झोपलेल्या. अण्णा कुजबुजले, "गाठ हाताला लागल्यापासनं पहिल्यांदा झोपलीय."

ऊन त्यांच्या चेहऱ्यावर सरकत होतं. मी चादर ताणून उन्हाला आडवा उभा राहिलो. सोललेले हात चरचरत होते, उतरायला उशीर होत होता, पण त्यांना उठवायचा धीर मला झाला नाही.