कट म्हणायचं राहून गेलं

कुपवाडच्या एमआयडीसीत माझी स्कूटी पंक्चर झाली आणि मी तिला शिव्या घालत, ढकलत ढकलत एका वर्कशॉपच्या दारात येऊन थांबले. मार्चचं ऊन नुसतं रणरणत होतं. आत एक मुलगा भलंमोठं लोखंडी धूड एका हातानं... अहो, खरंच एका हातानं, दोन पाइपांवरून पुढे नेत होता. खडखड नाही, धक्का नाही.

"ओ! हे काय आहे?" पंक्चर विसरून मी ओरडले.

त्यानं वर पाहिलं. कपाळाला ग्रीस, बाह्या वर, आणि डोळे... जाऊ दे, डोळ्यांचं नंतर सांगते.

"ट्रॉली हाय. जड माल न्यायला. का?"

"मला पाहिजे."

"लोखंड उचलायचंय तुमाला?"

"कॅमेरा. आमचा साईराज कॅमेरा घेऊन हिच्यावर बसणार आणि कुणीतरी हळूच ढकलणार. मी फिल्म करतेय."

"मग ते कुणीतरी म्हंजी मीच," तो शांतपणे म्हणाला. "ट्रॉली एकटी कुठं जात न्हाई. लाडाची हाय."

"ट्रॉली लाडाची, की मालक आगाऊ?"

"दोन्ही," तो म्हणाला, आणि हसला. झालं! पंक्चरवाल्याचा पत्ता विचारायचाच राहून गेला.

त्याचं नाव झिशान. मी शिफा, कोरेगावची, सांगलीत कॉलेजला. मागच्या वर्षीही मी एक फिल्म सुरू केली होती. ती अर्धीच राहिली. कोरेगावला फोन केला की अब्बा हमखास विचारायचे, "पुरी कधी करणार, बेटा?" त्यांच्या आवाजात राग नसायचा, म्हणून तर ते जास्त लागायचं. यंदाची फिल्म मला पुरी करायचीच होती. गोष्ट साधी : नोकरीचं पत्र आलेली मुलगी बापाचं घर सोडून निघते. बाप दिसत नाही, नुसता आवाज ऐकू येतो. शेवटच्या दृश्यात ती खळ्यात वाळत घातलेल्या हळदीतून चालत जाते... सगळीकडे पिवळंच पिवळं. हे दृश्य मी वहीत इतक्यांदा काढलं होतं की पानाला भोक पडलं होतं. बाकी सगळं शूट झालेलं. तेवढंच उरलेलं, आणि स्पर्धेत फिल्म द्यायची मुदत दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत!

खळं ठरलं होतं कृष्णाकाठच्या रायगोंडा आजोबांचं. आठ दिवसांपूर्वी तिथं पसरलेली हळद मी डोळे भरून बघून आले होते. टेम्पोत ट्रॉली घालून आम्ही चौघं त्याच दिवशी दुपारी उशिरा पोचलो : मी, साईराज, फिल्ममधली मुलगी झालेली आसिया, आणि झिशान.

या अल्ला!

खळं कसं, तर चकाचक. शेणानं सारवलेलं, मधोमध रांगोळी. हळदीचं एक कांडं दिसेल तर शपथ! आणि दारात आजोबा, कडक इस्त्रीचा सदरा, धोतर, पांढरीशुभ्र टोपी.

"आजोबा... हळद कुठाय?"

"पोत्यात!" आजोबा छाती फुगवून म्हणाले. "पावणं येणार, पिच्चर काढणार, आन् दारात पसारा ठिवू व्हय? दोन दिस चार मानसं लावली तवा कुठं आवरलं!"

रागावू तरी कुणावर? किती प्रेमानं केलं होतं बिचाऱ्यांनी! माझा चेहरा बघून त्यांचाही चेहरा उतरला.

"मी म्हनत हुते, पोरीला इचारून घ्या," विजयमाला आजी आतून म्हणाल्या. "पर ऐकत्यात कुनाचं?"

"वता रं पोती परत!" आजोबा ओरडले. पण साईराजनं सूर्याकडे बोट दाखवलं. जेमतेम तासाभराचा उजेड. तेवढ्यात अख्खं खळं काय भरणार? मी मटकन एका पोत्यावर बसले आणि सरळ रडायला लागले. यंदाही अर्धीच, अब्बा.

झिशान समोर येऊन उकिडवा बसला.

"रडून झालं का? सूर्य काय थांबायचा न्हाई."

"तुम्हाला काय जातंय बोलायला!"

"हळद जमिनीवरच पायजे?"

"वहीत तसं आहे!"

"हवेत चालंल का?" त्यानं गोठ्यामागे बोट केलं. तिथं हळद पॉलिश करायचा मोठा लोखंडी ड्रम उभा होता. "गेल्या महिन्यात ह्याची बेरिंग मीच बदलली. आत हळद घालून फिरवली की साल निघतं, आन् असला धुरळा उडतो... मावळतीच्या उन्हात एकदा बघाच. मग ठरवा. फिल्म तुमची हाय, मी नुसता ढकलनारा."

मी त्याच्याकडे पाहिलं. मग त्या ड्रमकडे. मग वही मिटली.

"आजोबा, पोती सोडा!"

मग काय धावपळ! पाइप अंथरले, ट्रॉली चढवली, ड्रममध्ये हळद ओतली. एवढ्यात आजी दारात. "पोरांनू, आधी जेवा. आमी जैन मानसं, दिस बुडल्यावर जेवत न्हाई, आन् पावण्यांस्नी उपाशी ठिवत न्हाई."

"आजी, पाच मिनिटं! फक्त पाच!"

"बरं. पर ताटं वाढलीत म्हनून सांगते!"

ड्रम फिरला. पहिल्यांदा नुसती खडखड... आणि मग धुरळा उठला. वाऱ्यानं पसरला, ऊन त्याच्यात शिरलं, आणि सगळं आभाळ पिवळं झालं. माझ्या वहीला हे सात जन्मांत जमलं नसतं.

"ॲक्शन!"

आसिया चालू लागली. तिच्यामागे ट्रॉली निघाली. झिशान अनवाणी, वाकलेला, श्वास रोखून ढकलत होता. पाइप संपले की मी कट म्हणायचं, असं ठरलेलं. पाइप संपले. आणि तेव्हाच त्यानं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. पापण्यांवर पिवळी धूळ, घामाचा एक ओघळ, आणि ते डोळे... विचारणारे. मी बघतच राहिले. खुळ्यासारखी. कट बिट सगळं विसरून.

त्यानं क्षणभर वाट पाहिली. मग ट्रॉली अलगद मागे ओढायला सुरुवात केली. कट ऐकू आला नाही म्हणून आसियाही थबकली, वळली, घराकडे बघू लागली. आणि कॅमेरा मागे येता येता कडेला कोण दिसावं? आजोबा! पोरगी खरंच निघाली असं वाटून ते पुढे आले होते. त्यांचा तो पांढरा सदरा पिवळा झाला होता, आणि त्यांनी हात वर केला होता. निरोपाचा.

"मॅडम," झिशान हळूच म्हणाला, "कट म्हनायचं असतं न्हवं?"

"कट," मी म्हटलं.

"ह्या दोघांस्नी तर हळद लागल्यावानी दिसतीया," आजी म्हणाल्या. आम्ही दोघांनीही मान खाली घातली, आणि सूर्य बुडायच्या आत मुकाट जेवलो. फिल्म दुसऱ्या दिवशी वेळेत गेली.

तीन आठवड्यांनी सांगलीच्या सभागृहात निकाल लागला. पहिला नंबर! आसियानं माझा दंड चिमटून लाल केला. अब्बा कोरेगावहून आले होते, दुसऱ्या रांगेत बसले होते. स्टेजवर परीक्षकबाईंनी माइक माझ्या हातात दिला.

"कॅमेरा पुढे जाऊन थांबेल असं वाटतं, आणि तो परत मागे येतो. मग बाप दिसतो. हे सुचलं कसं?"

काहीतरी भारदस्त बोलता आलं असतं. पण मागे दारापाशी झिशान उभा होता, हात मागे बांधून.

"सुचलं नाही हो," मी म्हटलं. "मी कट म्हणायला विसरले. ट्रॉली ढकलणाऱ्याकडे बघत बसले होते. ड्रमची आयडिया त्याची, मागे येणंही त्याचंच. आणि... तो मला आवडतो. लय आवडतो."

सभागृहात शिट्ट्यांचा नुसता कल्ला! माइक काही मी सोडला नाही.

"कट ऐकू आला असता," मागून आवाज आला, "तरी मी थांबनार नव्हतो!"

सगळ्या माना मागे वळल्या. अब्बांचीही. त्यांनी झिशानला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग शेजारच्या खुर्चीवरची आपली पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि त्याला हातानं खूण केली, ये, बस.